विरळणी

शरणपूरच्या आमच्या लहान चर्चमध्ये
वेदीमागची भिंत ओल धरायची.
चुना टिकेना, रंग टिकेना.
कमिटी म्हणाली, फरशीचे तुकडे लावा,
गच्चीवर लावतात तसे.

शांतवन मिस्त्री आला सातपूरहून, मोपेडवर.
मागे सिमेंटच्या गोणीत फुटक्या कपबश्या,
हिरव्या बांगड्या, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स,
तांबट आळीतून किलोवर घेतलेला पितळेचा कीस.
"ड्रॉइंगच्या बाई, तुमच्याकडे पुस्तक आहे म्हणे."

होतं. कुणा मडमेनं शाळेला दिलेलं,
वाळवीनं कडा खाल्लेलं.
रॅव्हेनाच्या भिंती, सगळ्या काळ्यापांढऱ्या.
मी बोट ठेवून सांगत गेले:
हे सोनं, काचेच्या दोन पापुद्र्यांत दाबलेलं.
हा मोर, त्याचं मांस सडत नाही म्हणायचे.
ही वेल.
"द्राक्षाची?"
द्राक्षाची.
"मग आपलीच की."

एक गोष्ट मात्र त्याला पटेना.
ते कारागीर म्हणे तुकडे सपाट बसवत नसत.
एक जरासा झुकलेला, एक मान वळवलेला,
म्हणजे दिवा हलला की भिंत कुजबुजते.
चाळीस वर्षं पाणसळीतला बुडबुडा
मधोमध आणून ठेवणारा माणूस
दोन दिवस नुसता चहा पीत बसला.
तिसऱ्या दिवशी पाणसळ फडक्यात गुंडाळली
आणि पहिला तुकडा वाकडा लावला,
चोरी केल्यासारखा इकडेतिकडे बघत.

मग एका पानावर अडकला.
राजवाडा, खांब, खांबांमध्ये पडदे,
आणि एका खांबावर हात.
नुसता. मागे माणूस नाही.
"हा कुणाचा?"
मी सांगितलं, आधी तिथं दरबारी उभे होते.
राजा गेला, त्याचा पंथ चुकीचा ठरला,
नव्यांनी माणसं खरवडून पडदे लावले.
खांबावर आलेली बोटं तेवढी राहिली.
"राहिली," तो म्हणाला, "की ठेवली?"
पुस्तकात तेवढं नव्हतं.

नाताळाच्या आधी वेल छताला टेकली
आणि वेलीखाली एक बाई आली.
तोंडाला स्कार्फ, साडीवर पुरुषी फुलशर्ट,
हातात छोटी कात्री.
दिंडोरीकडे विरळणीला जीपमधून जातात, तशी.
डोळे काळ्या कपाच्या कानाचे.

"ही शास्त्रात कुठं आहे?" पाटोळे म्हणाले.
"तोंड तरी उघडं हवं होतं," कुणी म्हणालं.
मिस्त्रीला विचारलं, कोण ही?
तो थापी पुसत राहिला.
मतं घेतली. सात माणसं, सात हात.
त्यातला एक माझा,
पोरांना शिकवते तसा, सरळ रेषेत.

दुसऱ्या दिवशी छिन्नीचा आवाज
माझ्या ओट्यापर्यंत येत होता.
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.
संध्याकाळी तिथं पानं होती, बांगड्यांची, पोपटी.
कमिटी खूश.
पैसे दिले, तीन हजार कापून.

विरळणीत घडातले मणी काढतात,
उरलेल्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून.
नाशकात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
काढलेले पडतात खाली, मिरीएवढे, हिरवे.
ते कुणी उचलत नाही.

नाताळच्या रात्री मेणबत्त्या लागल्या.
पितळ हललं. मोर हलला.
आणि डावीकडून तिसऱ्या घडापाशी
पानांतून आलेला अंगठा, दोन बोटं,
उघडी कात्री.

पाटोळ्यांनी चष्मा पुसला, पुढे वाकले.
"बाई, ते काय आहे हो तिथं?"

मी गीताचं पान उलटलं.
"पान," म्हटलं.
"नुसतं पान आहे."